कागदावरच्या मेंढ्या

श्रीगजाननास वंदन करून, वाग्देवी शारदेचे स्मरण करून आणि वेरूळच्या श्रीघृष्णेश्वराच्या पायरीवर मनानेच मस्तक ठेवून हे लेखन आरंभतो. घुष्मेचे गेलेले लेकरू ज्याने तिच्या पदरात परत घातले, तो हा देव. त्याच्या गाभाऱ्यात उभे राहून मागताना मनुष्याला आपली योग्यता आठवत नाही. मलाही गेल्या वर्षी आठवली नव्हती.

निमित्त असे, की माघ सरत आला आहे. दारातल्या कडुनिंबाने पाने ढाळायला सुरुवात केली आहे, आणि सकाळी झाडलेली ओसरी दुपारपर्यंत पुन्हा पिवळी होते. काल दहावीच्या काही मुली फाटक लोटून आत आल्या, चपला ओळीने काढल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, यंदाही गणित घेणार ना?" मी होकार दिला. त्या गेल्यावर फाटकाची कडी लावायला उठलो आणि कडी हातात धरून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. आमचे घर शहराच्या छावणीच्या पुढे, वेरूळच्या रस्त्याला आहे. पर्यटकांच्या बसगाड्या एकामागून एक जात होत्या. त्यांच्या मागे धूळ उडत होती आणि त्या धुळीत मेंढ्यांचा वास होता. एखादा कळप नुकताच रस्ता ओलांडून गेला असावा. मी पाहिला नाही, पण वास ओळखला.

पंचांगाने ऋतू सहा सांगितले आहेत. ज्या घरात दहावीचे मूल असते, त्या घरात शिशिर आणि वसंत यांच्या सांध्यावर आणखी एक ऋतू येतो. त्याला स्वतःचा गंध आहे. उन्हात तापलेल्या कंपासपेटीचा, नव्या प्रश्नसंचाच्या शाईचा, मुलींच्या वेण्यांतल्या खोबरेल तेलाचा. त्याला स्वतःचे ध्वनीही आहेत. पहाटे कोणाच्या तरी गच्चीवरून येणारे पाठांतर, दुपारी लग्नाच्या वरातीचा बँड, आणि त्या बँडला शिव्या देत खिडकी लावून घेणारी एखादी आई. या दिवसांत मारुतीच्या देवळात नारळ वाढतात. पेनांना कुंकू लागते. जी मुले वर्षभर देवासमोरून सायकल दामटत जातात, ती या ऋतूत खाली उतरून नमस्कार करतात. देव हे सगळे जाणतो आणि चालवून घेतो, असे माझे मत आहे.

हा ऋतू माझ्या घरात आणला तो माझ्या सहधर्मिणीने. मी संस्कृत पाठशाळेत शिकलो आणि आयुष्यभर तिथेच शिकवले. ती शाळेत गणित शिकवत असे. निवृत्त झाल्यावर तिने आमच्या ओसरीवर दहावीच्या मुलांचा वर्ग भरवला. दक्षिणा काही नाही. फक्त येताना पाय धुऊन यायचे आणि जाताना सतरंजी घडी घालून ठेवायची, एवढाच नियम. तिचे नाव मी चारचौघांत कधी घेतले नाही, आताही घेत नाही. मुले तिला बाई म्हणत, म्हणून इथे मीही बाईच म्हणतो. गेल्या वर्षीच्या परीक्षेआधी, मार्गशीर्षात, बाई गेल्या. आजार थोडक्या दिवसांचा होता. घृष्णेश्वराने ऐकले नाही, किंवा ऐकून जे योग्य वाटले ते केले.

तेराव्यानंतरच्या दिवशी दुपारी मी ओसरीवर बसलो होतो, तर मुले आली. नेहमीच्या वेळेला, पाय धुऊन. त्यांना घरी कोणी अडवले नसावे, किंवा अडवूनही ती आली असावीत. सगळ्यांत पुढे निखत होती. तिचे वडील छावणीच्या बाजारात शिवणकाम करतात. पोर बोलायला धीट, पण त्या दिवशी तिचाही आवाज खाली होता.

"गुरुजी, बाईंचे थोडे धडे राहिलेत."

"बाळ, मी संस्कृतचा माणूस आहे."

"मग काय झालं? तुम्ही पंचांग बघता ना? त्याच्यात तर सगळे आकडेच असतात."

मागे कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले, कारण सुतक फिटले असले तरी घर अजून सुतकातच होते. मी त्यांना बसा म्हटले. पाठशाळेत असताना ज्योतिषासाठी जेवढे गणित लागते तेवढे मी केले होते. बाकीचे मुलांबरोबर शिकू, असे ठरवले. खरे सांगायचे तर दुपारी घरात माणसांचा आवाज हवा होता.

आणि मग आमच्या त्या शिकवणीत जे गोंधळ झाले, ते आठवले की आजही हसू येते. बाई ऐकायला नाहीत हे हसण्याच्या मध्येच ध्यानात येते, एवढाच फरक.

संभाव्यतेच्या धड्यात पत्ते आले. आमच्या घरात पत्ते कधी आलेच नव्हते. निखतने भावाकडून एक संच रुमालात बांधून आणला. देवघरासमोर ते कसे ठेवावेत, म्हणून मी आधी स्वच्छ वस्त्र अंथरले आणि मग एकेक पान निरखून पाहू लागलो. राजा पाहिला, राणी पाहिली, गुलाम पाहिला.

"यात प्रधान कोणता?" मी विचारले.

"प्रधान नसतो, गुरुजी."

"राजा आहे, राणी आहे, आणि सल्ला द्यायला कोणी नाही?"

"म्हणून तर सगळे हरतात," निखत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नळांचे उदाहरण घेतले. एक नळ टाकी अमुक तासांत भरतो, दुसरा तमुक तासांत, तर दोन्ही मिळून किती वेळ लागेल. मला वाटले सोपे आहे. पण वर्गात वेगळाच वाद पेटला. पाणी कोणत्या वारी येते हे उदाहरणात दिलेलेच नाही, असे एकीचे म्हणणे. आमच्या गल्लीत मागच्या मंगळवारी आले होते, आता शुक्रवारपर्यंत येत नाही, असे दुसरीचे. तिसऱ्याने सांगितले की त्यांच्याकडे पाणी पहाटे येते आणि तेव्हा वीज नसते. मी म्हटले, "बाळांनो, दोन्ही नळ एकाच वेळी वाहत आहेत अशी कल्पना करा."

"एवढी कल्पना होत नाही, गुरुजी," निखतने शांतपणे सांगितले.

उंची काढण्याच्या धड्यात दौलताबादचा मनोरा घेतला, कारण तो सगळ्यांनी पाहिलेला होता. त्यावरही हरकत आली की वर जायचा जिना बंद असतो, मग मोजायचे कोणी? वर न जाता खालूनच उंची कळते, हेच तर या धड्याचे मर्म, हे समजावण्यात माझी संध्याकाळ गेली. शेवटी मुलांना ते पटले, पण मनोऱ्यावर जाण्याची त्यांची इच्छा काही गेली नाही.

या सगळ्या गलबल्यात भिंतीला टेकून एक मुलगी बसत असे. कांचन तिचे नाव. मेंढपाळाच्या घरची. आईबाप मेंढ्या घेऊन दिवाळीनंतर रानोमाळ जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. कांचन आत्याकडे राहून शिकत होती. तिला शाळेत ठेवायला बाईंनी तिच्या आईशी बोलणे केले होते. दहावीला गणितात मुलगी उत्तीर्ण झाली, तर ती आत्याकडेच राहून अकरावीला जाईल. नाही झाली, तर कळपाबरोबर जाईल. "तिचे गणित माझ्याकडे लागले," असे बाई त्या माउलीला म्हणाल्या होत्या. आता ते गणित माझ्याकडे लागले होते. गेलेल्या माणसाचा शब्द घरात राहतो, आणि तो सांभाळणे हे श्राद्धाहून वेगळे कर्म नाही.

कांचनसाठी मी विशेष परिश्रम घेतले. विद्यार्थ्याला त्याच्या परिचयाच्या वस्तूंवरून शिकवावे, हे आमच्या पाठशाळेतही सांगत. म्हणून मी तिच्यासाठी सगळी उदाहरणे मेंढ्यांची केली. एका धनगराकडे काही मेंढ्या आहेत. त्याने इतक्या विकल्या, इतक्या घेतल्या, दोन कळप एकत्र केले, तर मूळ कळपात मेंढ्या किती? रात्री पोथी मिटल्यावर मी अशी उदाहरणे रचत बसे, आणि मनात म्हणत असे की बाईंना हे सुचले नव्हते.

कांचन ती उदाहरणे घेई. मेंढ्यांची संख्या क्ष मानू, असे सुवाच्य लिही. समीकरण बरोबर मांडी. बाजू बदलताना चिन्ह चुकत नसे. आणि अगदी शेवटच्या ओळीला, जिथे क्ष म्हणजे अमुक एवढेच लिहायचे उरते, तिथे तिचा हात थांबे. "म्हणून कळपातील मेंढ्या" एवढे लिहून ती पुढे जागा सोडी.

मला वाटले, हिला शेवटची पायरी येत नाही. मी ती पायरी पुन्हा शिकवली. फळ्यावर शिकवली, पाटीवर शिकवली, खडे मांडून शिकवली. ती मान डोलावी आणि पुन्हा जागा सोडी. मी आणखी मेंढ्या वाढवल्या. लहान कळप दिला, मोठा दिला, नुसती कोकरे दिली. कोकरांच्या वेळी तर तिच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, पोरगी अभ्यासाला घाबरते. मी तिच्यासाठी सरस्वतीचा एक श्लोक लिहून दिला. तो तिने दुसऱ्याच दिवशी पाठ म्हणून दाखवला, उच्चारात एक दोष नाही. पण मेंढ्या किती, ते काही तिने लिहिले नाही.

असे बरेच दिवस चालले. निखतला ते पाहवेना.

"गुरुजी, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"तिला सगळं येतं. मेंढरं तेवढी काढा गणितातून."

"का म्हणून?"

"हिच्याकडं मोजत नाहीत त्यांना. नजर लागते. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"मग आजवर कोणी सांगितले का नाही?"

"तुम्ही इतक्या प्रेमानं मेंढरं आणत होता," निखत म्हणाली, "कसं सांगायचं?"

कांचनने मान खाली घातली होती. मी मेंढ्यांच्या जागी विटा घातल्या. तेच उदाहरण, तेच आकडे. तिने खडू घेतला, आणि माझे वाक्य पुरे होण्याआधी शेवटची ओळ लिहून उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. सगळी ओसरी हसली. कांचनही हसली. मीही हसलो, आणि हसता हसता आत पाणी प्यायला म्हणून गेलो, कारण त्या हसण्यात बाईंचा आवाज नव्हता.

नंतर मी तिला हळूच विचारले, "बाईंना हे ठाऊक होते?"

"व्हय, गुरुजी. बाईंच्या गणितात मेंढरू कधी आलंच नाय."

"मग एखादी मेंढी चुकली, तर तुम्हाला कळते कसे?"

"बघितलं की कळतं. तोंडावरनं. समद्यांची तोंडं निराळी असतेत. एखादं नसलं की तेवढी जागा डोळ्याला टोचती."

ती बोलत होती तेव्हा मी देवघराजवळच्या पाटाकडे पाहत होतो. बाई सकाळी फुले निवडायला तिथे बसत.

शिमग्याच्या सुमारास रमजान लागला. निखत रोजा धरून येई आणि तरीही सगळ्यांत जास्त बोले. एकादशीला मी उपवास केलेला पाहून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या उपासात साबुदाण्याची खिचडी चालते, केळी चालतात, दूध चालतं. हा उपास आहे की दावत?" मी म्हटले, "बाळ, देव प्रत्येकाची शक्ती पाहून नियम घालतो. तुझी जास्त दिसली." त्या उत्तरावर ती खूश झाली आणि कांचनला म्हणाली, "बघ, मी पैलवान."

परीक्षेला थोडेच दिवस राहिले असताना कांचनचे वडील आले. दगडूबा त्यांचे नाव. कळप तेव्हा सिल्लोडच्या बाजूला मका निघालेल्या रानांत बसत होता. तिथून ते बसने आले होते, काखेत एक काळी घोंगडी घेऊन. ओसरीवर पाऊल टाकण्याआधी त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

"बाईंनी सांगितली व्हती. गुरुजीला पूजेला बसाया. थंडीच्या आधी द्यायची व्हती, पर आमी लांब व्हतो."

लोकर पवित्र मानली आहे. मी घोंगडी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. बाईंनी माझ्यासाठी काही सांगितले होते आणि ते मला ठाऊक नव्हते.

मग दगडूबा आपणहून बोलू लागले. "बाई आल्या व्हत्या आमच्या तळावर, पोरीला साळंत ठेवा म्हणाया. तळावर कुणी बी आलं की पैला सवाल एकच. किती हायेत? बाईंनी नाय इचारलं. म्हणल्या, पाणी कुठं पाजता? तवाच मी कारभारणीला म्हणलं, ही बाई पोर मागंल तर दिऊन टाक."

मी त्यांना माझी अडचण सांगितली. परीक्षेत मेंढ्यांचे उदाहरण आले तर काय करायचे? तिथे त्यांच्या विटा करता येत नाहीत.

"कागदावरली मेंढरं?" त्यांनी विचारले. "ती कुणाची?"

"कोणाचीच नाहीत."

"कुणाची नायत, तर मंग तुमी ती इकता कशाला?"

दगडूबा हसले आणि भिंतीला टेकून बसलेल्या मुलीकडे वळले. "तुझं तू बघ, बाय. मी व्हय बी म्हणत नाय, नाय बी म्हणत नाय."

मी कांचनला सांगितले की व्रत मोडू नये. शेवटची ओळ सोडलीस तर फार तर एखादा गुण जाईल, बाकीच्या ओळी तुला तारून नेतील. तिने मान हलवली. व्रताचा आदर करायला मला कोणी शिकवावे लागत नाही. माझी सगळी हयात नियमांवर उभी आहे.

बीजगणिताच्या दिवशी मी केंद्राबाहेर, रसवंतीच्या सावलीत उभा होतो. मुले बाहेर आली. निखत दुरूनच हात हलवत म्हणाली, "गुरुजी, पत्ते आले होते. राजे बरोबर मोजले." मागून कांचन आली. माझ्याजवळ येऊन थांबली.

"आली व्हती, गुरुजी. मेंढरं."

"मग?"

"लिवलं."

मी तिला सावलीत घेतले.

"हात थांबला व्हता," ती म्हणाली. "मंग वाटलं, बाई असत्या तर म्हणल्या असत्या, एवढं आलंय तर पुरं कर. बाईंसाठी लिवलं." एवढे बोलून ती वाकली, जमिनीला हात लावून तो तिने कपाळाला लावला आणि निखतबरोबर रस पिण्यासाठी गेली. मी आनंदलो होतो. लपवून काय उपयोग? त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी बाईंना मोठ्याने सांगितले.

चैत्रात कडुनिंब मोहरला. त्याचा मंद, कडवट गोड सुवास रात्रभर घरात राहू लागला. पाडव्याला गुढी उभारायला दोन माणसे लागतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. निखतचे वडील ईदचा शिरखुर्मा द्यायला आले, तो मी घेतला. दूधच ते. देवाने माझी शक्ती पाहून हाही नियम थोडा सैल केला असे समजलो.

आणि त्याच महिन्यात अवकाळी आली. शहरात गारा वाजल्या, पत्रे उडाले, वीज गेली. दुसऱ्या दिवशी कांचनची आत्या दारात येऊन उभी राहिली. सिल्लोडच्या बाजूला वीज पडली होती. गारांपासून वाचायला कळप एका झाडाखाली गोळा झाला होता आणि वीज त्याच झाडावर आली. माणसे वाचली, कारण माणसे मेंढ्यांना आडोसा करायला ताडपत्री आणायला गेली होती. मेंढ्या गेल्या. सगळ्या नाही, पण पुष्कळ. आत्याने आकडा सांगितला नाही.

"पोरगी ऐकल्याबरुबर गेली तिकडं," ती म्हणाली. "काय बोलंना, काय खाईना. म्हणती, मी लिवलं."

मला कर्माचा सिद्धान्त पढवलेला आहे. कार्य आणि कारण यांच्यामध्ये संबंध असावा लागतो, केवळ मागोमाग घडले म्हणून एक दुसऱ्याचे कारण होत नाही, हे न्यायशास्त्र मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवले आहे. ते सगळे मी कांचनला सांगू शकलो असतो. पण बाई रुग्णालयात होत्या त्या दिवसांत एका सकाळी माझे रोजचे रुद्राचे आवर्तन चुकले होते, आयुष्यात प्रथमच. डॉक्टरांनी लवकर बोलावले होते, म्हणून. त्यानंतर जे झाले ते आवर्तनामुळे झाले नाही, हे मी जाणतो. बुद्धीने पूर्ण जाणतो. तरीही पहाटे जाग आली की मन पहिल्याने तिथेच जाते. जो युक्तिवाद माझ्या स्वतःवर चालला नाही, तो त्या लेकराला कोणत्या तोंडाने द्यायचा?

वैशाखात निकाल लागला. निखतने आपल्या मोबाईलवर पाहून सांगितले. ती स्वतः उत्तीर्ण झाली होती, आणि कांचनचे गणिताचे गुण तर वर्गात सगळ्यांहून चांगले होते. "चला, गुरुजी, मी पण येते सांगायला," असे ती म्हणाली, पण तिच्या घरी पाहुणे होते. मी एकटाच निघालो. कळप तोवर परतीच्या वाटेवर वेरूळच्या माळापर्यंत आला होता. बसमधून उतरलो, घृष्णेश्वराचे दर्शन घेतले, आणि प्रसादाचे पेढे घेऊन विचारत विचारत तळापर्यंत चालत गेलो.

ऊन कलले होते. दगडूबांनी मला खाटेवर बसवले. कांचनच्या आईने तांब्या आणला आणि पदराने डोळे पुसत बाजूला झाली. मी निकाल सांगितला. दगडूबांनी पेढा हातात घेतला, तो बिरोबाच्या नावाने थोडा मातीवर ठेवला, उरलेला खाल्ला.

"ऱ्हाऊ दे की तिला शहरात," ते बायकोला म्हणाले, आणि मग कांचनला, जी माळाच्या कडेला पाठमोरी उभी होती, मोठ्याने म्हणाले, "पोरी, ढगाला गणित येतं व्हय? तुला किती डाव सांगू?"

ती आमच्याकडे आली. वाळली होती. माझ्या पायांना हात लावून समोर बसली.

"कांचन, तू उत्तीर्ण झालीस. बाईंचा शब्द पुरा केलास. आता अकरावी."

"नाय, गुरुजी."

"वडील हो म्हणतात, आई हो म्हणते."

"व्हय. ते म्हणतेत." ती हातातल्या काडीने मातीवर रेघ ओढत होती. "माझं उत्तर बरोबर आलं व्हतं?"

"होय, बाळ. अगदी बरोबर."

मेंढ्या तळाकडे परतू लागल्या होत्या. त्यांच्या खुरांची धूळ उन्हात लाल दिसत होती. कांचनची नजर त्यांच्यावर होती, आणि मी पाहिले, तिचे ओठ हलत होते.

"आधी नुसतं बघितलं की कळायचं," ती म्हणाली. "आता कळत नाय, गुरुजी. मोजावं लागतंय. नको म्हणलं तरी मोजलंच जातं, आन् मोजलं की तोंडं दिसत नायत."

"म्हणून तू राहणार?"

"यांच्याकडं बघून बघून यील परत ते. लई दिवस लागतील."

मी तिच्या मस्तकावर हात ठेवला. माझ्या मुखी त्या क्षणी एकही मंत्र आला नाही. तिची आई म्हणाली, "गुरुजी, भाकरी खाऊन जावा," आणि मी थांबलो. दूध, भाकरी आणि ठेचा. कांचनने वाढले. मग तिने मला मोठ्या रस्त्यापर्यंत सोबत केली आणि बस दिसताच मागे वळली. तिला दिवे लागण्याच्या आत तळावर पोहोचायचे होते.

पावसाळ्यात ती माणसे आपल्या गावी गेली आणि दिवाळीनंतर पुन्हा रानांत पांगली. आत्या कधी भाजीच्या गाड्यावर भेटते. बरी आहे म्हणते. निखत अकरावीला आहे आणि लहान बहिणीला माझ्याकडे पाठवते आहे. काल आलेल्या मुलींत तीही होती. मी यंदाची उदाहरणे रचायला घेतली आहेत. त्यांत विटा आहेत, खुर्च्या आहेत, बसची तिकिटे आहेत. जिवंत असे काही मी त्यांत घालत नाही. बाईंच्या वर्षश्राद्धाला घोंगडीवर बसलो तेव्हा भटजींनी विचारले, "किती वर्षांचा संसार झाला, गुरुजी?" मी त्यांना म्हटले, "पुढचा मंत्र म्हणा."

वाचकहो, हे लिहिणाऱ्या वृद्धाजवळ आशीर्वादाखेरीज काही देण्यासारखे उरलेले नाही. तो घ्यावा. आपल्या लेकरांना परीक्षेत यश मिळो. ते यश कोणाच्या मनाला ओझे न होवो. आपल्या घरातली वडीलधारी माणसे पहाटे शांत जागी होवोत. आणि दिवेलागणीला दाराकडे पाहाल तेव्हा बाहेर गेलेले प्रत्येक जण आपापल्या पायांनी आत येताना दिसो. श्रीघृष्णेश्वर आपले आणि आपल्या कुटुंबाचे रक्षण करो. शुभं भवतु.